तलवारबाजाला दिलेली ढाल

मुरलीपुरा, जयपूर
१४ ऑक्टोबर २०२५

चि. निलय यास,
बापू आणि आई यांचे अनेक उत्तम आशीर्वाद. वि. वि.

तू वर चौकीवर पोहोचल्याचं चार ओळींचं पत्र मिळालं. कॅप्टनसाहेबांनी आणखी दोन ओळी लिहिल्या असत्या तर शाई संपली नसती. तिथे फोन चालत नाही आणि पत्रं हेलिकॉप्टर आलं तरच निघतात, हे तू सांगून गेला होतास. तरी तुझी आई फोन मांडीवर घेऊनच भाजी निवडते.

आता कामाचं. जाताना तू कॉम्प्युटर आमच्या स्वाधीन केलास आणि तो लढाईचा खेळ मी येईपर्यंत चालू ठेवा, असं बजावलंस. सगळी नोकरी विमा कचेरीत काढलेला माणूस मी, मला कसली लढाई जमणार? पण बसलो. बुद्धिबळासारखे चौकोन, आधी आपला डाव, मग शत्रूचा, घाई कसलीच नाही, हे मला मानवलं. फौजेला तू घरच्यांचीच नावं दिलीस, याचं आईला भारी कौतुक. ढालवाला बापू, जखमा बऱ्या करणारी आई, धनुष्यवाली शर्वरी आणि तलवार घेऊन सगळ्यांच्या पुढे तू. तुझ्या बहिणाबाईला पुण्याला फोन करून हे सांगितलं, तर तिला तलवारच हवी होती म्हणून फुरंगटून बसली.

अडचण अशी की तलवारवाल्या निलयची लेव्हल वाढली आहे आणि त्याला नवं कौशल्य द्यायचं आहे. पडद्यावर दोन चित्रं आहेत. एक मुसंडी, म्हणजे धावत जाऊन शत्रूच्या अंगावर पडायचं. दुसरं ढाल. एकदा निवडलं की बदलत नाही आणि मेलेला गडी परत येत नाही, असं शर्वरीने बजावून सांगितलं आहे. माझा कौल ढालीला. पण खेळ तुझा आहे, म्हणून विचारतो.

मोजे कोरडे ठेवत जा. बाकी क्षेम.
तुझा,
बापू


९ नोव्हेंबर २०२५

तीर्थरूप बापू आणि आईस,
निलयचा साष्टांग नमस्कार. वि. वि.

तुमचं पत्र मी पूर्ण बंकरला वाचून दाखवलं. इथे माझा हवालदार आहे देवराम, आपल्या जयपूरजवळच्या चौमूंचा. त्याला मराठी येत नाही, तर मुसंडी मतलब काय, ते धावून दाखवलं आणि डोकं छताला आपटलं. काळजी नको, टेंगूळ छोटं आहे. मराठी लिहायची सवय गेली आहे, आईने चुका काढू नयेत.

बापू, मुसंडीच घ्या. हा गडी मारण्यासाठीच बनवलेला असतो. त्याच्या अंगात जीव कमी, पण हात भारी. ढाल दिली तर तो दुसरा बापू होत नाही, फक्त बेकार निलय होतो. पहिले त्याला दुश्मनपर्यंत पोहोचता आलं पाहिजे, म्हणून मुसंडी. पुढे आडवा वार येईल, तो नक्की घ्या, एका झटक्यात समोरच्या तिघांना लागतो. त्याला नाकासमोर पाठवू नका, बगलेतून पाठवा. जो दुश्मन पडला तो पुढच्या डावात कोणाला मारत नाही. याच्याहून मोठा बचाव या खेळात नाही.

इथे सगळं ठीक आहे. कुठे आहे ते लिहायची परवानगी नाही, पण जयपूरच्या उन्हाची रोज आठवण येते. शर्वरीला सांगा, तलवार मिळणार नाही.

तुमची माया अशीच असू द्या.
तुमचा,
निलय


मुरलीपुरा, जयपूर
३० नोव्हेंबर २०२५

चि. निलय यास,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र पावलं, पण वरातीमागून घोडं. कौशल्य निवडल्याशिवाय खेळ पुढे सरकत नव्हता आणि मला धीर धरवला नाही. मी ढाल घेतली. पुढच्या लेव्हलला जाड कातडी घेतली आणि त्याच्या पुढच्या लेव्हलला माघार. तू कपाळावर हात मारशील, पण माझाही विचार कर. माणूस धडधाकट असतानाच त्याचा विमा उतरवून घ्यावा, हे मी दारोदार सांगत फिरलो. ते चित्र समोर आलं की हात आपोआप तिकडेच जातो. आणि खाली तुझं नाव लिहिलेलं.

परवा पुलावरची लढाई झाली. निलय ढाल धरून उभा. कुणी मारलं तर त्याला लागत नाही, आणि तो मारतो तेव्हा त्यांनाही लागत नाही. शत्रूंना ते लवकरच कळलं. ते त्याला वळसा घालून सरळ बापूवर आले. एकालाही निलय पाडू शकला नाही, त्यामुळे सगळेच्या सगळे आले. बापू गेला.

खरं सांगतो, मला वाईट वाटलं नाही. उलट बरं वाटलं. बापू गेला आणि निलय उभा आहे. घरात याच क्रमाने व्हायला हवं. हे मी मोठ्याने बोललो आणि फसलो. तुझी आई मटार सोलत होती, ती ताट तसंच टाकून उठली. मटार मीच सोलले.

थंडी पडली आहे. तुझ्याकडच्या थंडीपुढे हिला थंडी म्हणायची लाज वाटते. जपून राहा.
तुझा,
बापू


२१ डिसेंबर २०२५

तीर्थरूप बापू आणि आईस,
साष्टांग नमस्कार. वि. वि.

पुलाची लढाई वाचून आधी खूप हसलो, मग हसू गेलं. बापू, ढालवाला मेला तर आता सगळे आईवर येतील. तुम्ही मला वाचवलं आणि माझ्या बाजूचे उघडे पडले. या गड्याला मागे ठेवलं की असंच होतं.

एक गोष्ट सांगणार नव्हतो. इथे बर्फावर आम्ही एका दोरीला बांधून चालतो. पहिल्याने काठी टोचून बघायचं की खाली भेग आहे का. आमच्या दोरीत पहिला मी असतो. देवराम रोज म्हणतो की साहबजी, आप बीच में चलो. पण मी मधे गेलो तर पहिला तो होतो. त्याच्या घरी अनुसयाभाभी आहेत, दोन मुली आहेत. आणि मला बर्फ त्याच्यापेक्षा चांगला वाचता येतो, मी त्याचा कोर्स केला आहे. हे माझं काम आहे, बापू. मी शौक म्हणून पुढे जात नाही. भीती मलाही वाटते.

म्हणून पुढची लेव्हल आली की त्याला आडवा वार द्या. घाबरून काही निवडू नका, प्लीज.

उद्या आम्ही आणखी वरच्या चौकीला निघतोय. तिथून पत्र निघत नाही. मतलब पत्र आलं नाही तर काही झालं, असं नाही. हे आईला दोनदा वाचून दाखवा.

दोघांचा हात डोक्यावर असू द्या.
तुमचा,
निलय


मुरलीपुरा, जयपूर
२९ जानेवारी २०२६

चि. निलय यास,
बापू आणि आई यांचे अनेक अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझ्या डिसेंबरच्या पत्रानंतर काही नाही. पत्र आलं नाही तर काही झालं, असं नाही, हे तुझं वाक्य तुझी आई आल्यागेल्याला ऐकवते. तू सांगितल्याप्रमाणे मी ते तिला दोनदा वाचून दाखवलं. दोरीचा परिच्छेद गाळणार होतो, पण ती कागदाकडेच बघत होती.

संक्रांतीला तुझ्या पत्त्यावर तिळगूळ पाठवला आहे. मिळेल तेव्हा मिळेल, तिळगूळ नासत नाही. त्या दिवशी सगळं जयपूर गच्चीवर होतं. कुणाचा पतंग कापला गेला की ‘वो काटा’ म्हणून आरडाओरडा व्हायचा, आणि दर वेळी तुझी आई दचकायची. शेवटी तिने खिडक्या लावून घेतल्या.

मिलिटरी स्टेशनला फोन केला. एका साहेबांनी फार अदबीने सांगितलं की कळवण्यासारखं असेल तेव्हा कळवू. मला ते वाक्य मुळीच आवडलं नाही. मग आम्ही बसने चौमूंला गेलो, देवरामच्या घरी काही कळलं असेल म्हणून. अनुसयाबाई आम्हाला पाहून धावत दारात आल्या. त्यांना वाटलं, साहेबांच्या घरचे आलेत म्हणजे बातमी घेऊन आलेत. आम्ही एकमेकांनाच विचारत बसलो. त्यांनी आग्रहाने बाजरीची रोटी वाढली. आई त्यांच्या धाकट्या मुलीची वेणी घालत राहिली, सोडून पुन्हा घालत राहिली.

आता खेळाचं. निलयची लेव्हल वाढली. पुन्हा दोन चित्रं. एक तू मागितलेला आडवा वार. दुसऱ्याचं नाव जीवदान. ते घेतलं की गडी एकदा मेला तरी उठून उभा राहतो. निलय, खेळ करणाऱ्यांनी हे दोन शेजारी ठेवायला नको होते. मी अंघोळ करून बसलो, तुझं पत्र शेजारी ठेवलं, तरी पडद्यावरचा माउसचा बाण जीवदानावरच जाऊन थांबायचा. असे कितीतरी दिवस गेले. तुला शब्द दिला नव्हता, अशी पळवाटही मी शोधली. मला तू पुढे नको आहेस, दोरीतही नको आणि इथेही नको. हे मी तुझ्यासमोर कधी बोलणार नाही, म्हणून लिहितो.

काल तुझी आई स्वयंपाकघरातून हात पुसत आली. पोराने यातलं कुठलं मागितलंय, असं तिने विचारलं. मी दाखवलं. मागितलंय ते द्यावं, एवढं म्हणून तिनेच बटण दाबलं आणि पोळी करपेल म्हणून आत गेली.

मग मी तू सांगितलंस तसं केलं. निलयला बगलेतून पुढे नेलं. समोर तिघे होते. आडवा वार केला, दोघे जागीच पडले. तिसरा उभा आहे. तुझं बरोबर होतं, या गड्याचा हात खरंच भारी आहे. तुझ्या मागच्या चौकोनात आई आहे. आमच्या सगळ्या चाली संपल्या, आता खाली ‘डाव संपवा’ एवढंच लुकलुकतंय. ते दाबलं की शत्रूचा डाव सुरू.

ते मला दाबवत नाही. कॉम्प्युटर कालपासून तसाच चालू ठेवला आहे. वीज गेली तर म्हणून इन्व्हर्टरला जोडला आहे. ते बटण तू येऊन दाब. तोवर शत्रूचा डाव येणार नाही, एवढंच मला इथे बसून करता येतं.

पत्राची वाट पाहतो आहोत. आमचे आशीर्वाद तुझ्या पुढे चालोत.
तुझा,
बापू