पारेबाईच्या शिव्या

सोमवार, १२ मे

खाण ढासळली! माझा नवरा राओगो आत आहे, आणखी दोघं आहेत. मी ज्वारीची दारू गाळत होते, तेवढ्यात आरडाओरडा. धावत गेले तर खड्ड्याच्या तोंडाशी नुसती माती. मालक म्हणतो, "उपसतोय, धीर धरा." बादल्यांनी उपसतायत — बादल्यांनी!

कालच शेजारच्या पारेबाईनं राओगोला गाठलं होतं. ती सामो जमातीची, आम्ही मोसी. एकमेकांना शिव्या द्यायच्या आणि रागवायचं नाही, ही पणजोबांपासूनची रीत. "ए गाढवाचं मुंडकं खाणाऱ्या, रोज उंदरासारखा भोकात शिरतोस, सोनं कुठंय?" हा म्हणाला, "कुत्रेखाऊ बाई, तुझ्या नाकात घालायलाच आणतोय!" किती हसलो.

बुधवार, १४ मे

काही नाही. अख्ख्या बुर्किना फासोतली पोरं असल्या भोकांत शिरतायत. कापूस करत होतो तेव्हा पोट भरत नव्हतं, पण माणूस संध्याकाळी घरी यायचा. सोन्यानं घर धुऊन नेलं.

गुरुवार, १५ मे

पारेबाई बाजरीची उकड आणि भेंडीचं कालवण घेऊन आली. "खा गं बाई, दोन घास." बस्स. एक शिवी नाही! मला धडकीच भरली. ओरडले, "शिवी दे! गाढवखाऊ म्हण!" ती मान खाली घालून निघून गेली.

शनिवार, १७ मे

मालकानं उपसणं थांबवलं. म्हणे, "बाकीची माणसंही जातील." थोरले दीर म्हणाले, "आता दुखवटा धरू या." मी म्हटलं, आधी देह दाखवा. तोवर माझ्या अंगणात कुणी रडायचं नाही! आत कुठेतरी हवा राहते म्हणतात. म्हणतात ना?

रविवार, १८ मे

पारेबाई आली. अंगात राओगोचा शर्ट, दोरीवरून ओढलेला. त्याच्यासारखाच एक खांदा पाडून चालत आली, थेट रांजणापाशी बसली आणि त्याच्याच आवाजात ओरडली, "अगं ए, दारू आंबलीय तुझी, पण नवरा झालोय तर पितो!" अंगणातले सगळे हसले. मोसीची अशी नक्कल सामोनंच करायची, आणि तीही तो मेल्यावरच.

मी कटोरा भरून तिच्या हातात दिला. "सावकाश प्या," म्हटलं, आणि माझ्या अंगणात पहिली मीच रडले.