कुंभारीला पाठवलेली कबुतरं

९ मार्च, सोमवार

मठात वचनं म्हणायला गेले. दुसऱ्याच वचनात, ओळ अर्धी असताना दम संपला. आवाज नव्हे, दमच. शेजारच्या राजश्रीवहिनींनी ओळ उचलून पूर्ण केली म्हणून निभावलं. नंतर विचारत होत्या, शैला, उपास आहे का आज? हो म्हटलं. नव्हता.

घरी आले तर ओट्यावर बदाम भिजत घातलेले. यांच्या कबुतरांसाठी. पुढच्या महिन्यात उडवायची स्पर्धा, ज्याचं जास्त वेळ वर राहील तो जिंकला, तोवर हा खुराक चालणार. पिस्ते वेगळे, वरच्या फळीवर. आमच्याकडे दिवाळीलाही पिस्ते येत नाहीत. बोलले नाही. लग्नापासून बोलतेच आहे. यांचं उत्तर ठरलेलं: दारू नाही, पत्ते नाहीत, तंबाखू नाही. दिवसभर दुकानात लोकांच्या पंपांच्या जळक्या मोटारी तारेनं भरायच्या आणि संध्याकाळी जरा आभाळाकडं बघायचं, तेवढंही नको का माणसाला?

नको असं मी कधी म्हटलंय. पण

१४ मार्च

शाळेचा जिना. माझा चौथीचा वर्ग वरच्या मजल्यावर. मध्येच थांबले, पर्समध्ये काहीतरी शोधल्यासारखं केलं. मुलं बाजूनं पळत वर गेली.

खोकला कोरडा. संक्रांतीपासून आहे. हे म्हणतात, सोलापूरची धूळ, उन्हाळा लागला की जाईल. आपल्या सगळ्या दुखण्यांना धूळ हेच कारण. लेक श्रुती पुण्याहून फोन करते तेव्हा मी खोकले की तिकडं गप्प होते. औषधाच्या कंपनीत आहे, तिला नको ते सुचतं. आज रागावलीच. छातीच्या डॉक्टरांचा नंबर तिनंच काढून दिला.

१९ मार्च, पाडवा

गुढी स्लॅबवर, कबुतरांच्या ढाबळीच्या शेजारी. नैवेद्याचं ताट घेऊन जिना चढले आणि टाकीच्या कट्ट्यावर बसूनच राहिले. हे बघत नव्हते. नवी जोडी हातात घेऊन पंख उघडून दाखवत होते, रशीदभाईंना. दोघं लहानपणापासून एकत्र कबुतरं उडवतात, एक या गल्लीत, एक मागच्या. जोडी फेब्रुवारीत आणली. किंमत मी विचारली नाही. श्रुतीनं विचारली होती तर म्हणाले, तुझ्या मोबाईलपेक्षा कमी.

सगळे उतरल्यावर स्लॅब झाडला. रोज मीच झाडते. पिसं, घाण, आणि ती पांढरी भुकटी, झाडूबरोबर उठते आणि उन्हात तशीच तरंगत राहते.

२५ मार्च

शाळेतून परस्पर छातीच्या डॉक्टरांकडं गेले. स्कॅन काल झालं होतं. डॉक्टर तरुण आहेत, हळू बोलतात. फिल्म उजेडाला लावून बराच वेळ बघितली. मग पहिलाच प्रश्न: "घरात कबुतरं आहेत का?"

मी काही सांगितलं नव्हतं. काहीच नाही.

हो म्हटलं. किती वर्षं? म्हटलं, लग्न होऊन आले तेव्हाही होती. त्यांनी पेन खाली ठेवलं. पिसांची आणि विष्ठेची धूळ वर्षानुवर्षं श्वासातून जाते, कुणाकुणाच्या फुफ्फुसाला ती सोसत नाही. सूज आहे. काही भाग कडक व्हायला लागलाय, तो परत मऊ होणार नाही. बाकीचं वाचवता येईल. "गोळ्या मी देतो. पण कबुतरं घरात असतील तर त्या गोळ्यांचा उपयोग नाही."

रिक्षा केली नाही. हळूहळू चालत आले.

२६ मार्च

सांगितलं नाही.

कसं सांगू? सुरुवातीला भांडून बघितलं, मग माहेरी जाऊन बसले, एकदा सासऱ्यांच्या कानावर घातलं, एकदा तर शेजाऱ्यांना तक्रार करायला मीच सुचवलं होतं, तेही यांना नंतर कळलं. कबुतरं घालवायला माझं सगळं करून झालंय. आता जाऊन म्हणायचं की डॉक्टर म्हणतात कबुतरं काढा. हे काय म्हणतील ते मला आत्ताच ऐकू येतंय.

आणि स्पर्धा बारा एप्रिलला.

३१ मार्च

मास्क लावून झाडलं. हे म्हणाले, आता कसला कोरोना. म्हटलं, धूळ.

गोळ्यांनी तोंड कडू. भूक मात्र लई. गोळ्या शिवणाच्या डब्यात ठेवते. संध्याकाळी हे शिट्टी वाजवतात आणि सगळा थवा एकदम वळतो, ते खिडकीतून दिसतं. खरं सांगायचं तर सुंदर दिसतं. हे या डायरीबाहेर कुणाला सांगणार नाही.

खिडकी लावून घेतली.

३ एप्रिल

श्रुतीनं सांगून टाकलं. मी तिला शपथ घातली होती, स्पर्धा होऊ दे म्हणून. तिनं सरळ दुकानात फोन केला.

हे दुपारीच घरी आले. चप्पल न काढता. मला वाटलं ओरडतील. खुर्चीवर बसले, फाइल मागितली, उलटसुलट करून बघितली. इंग्रजी. मग विचारलं, "कबुतरांचं डॉक्टरनं काढलं, का तू?"

"त्यांनी."

"तू काहीच नव्हतंस सांगितलेलं?"

"नाही."

"बरोबर स्पर्धेच्या तोंडावर."

एवढंच. मी पाणी आणायला आत गेले, बाहेर आले तर खुर्ची रिकामी. वर पावलं वाजत होती. मीही काही कमी नाही, वर ऐकू जाईल असं खोकले. मुद्दाम. मग तो खरा खोकला थांबेना.

४ एप्रिल

बोलणं नाही. जेवण वाढलं, जेवले.

६ एप्रिल, सोमवार

फाइल जागेवर नव्हती. स्कॅनची पिशवी पण नाही. शाळेतून आल्यावर बघितलं तर दोन्ही परत कपाटात, नीट. मधे एक चिठ्ठी, दुसऱ्याच दवाखान्याची, खाली माझं नाव. म्हणजे हे गेले होते. माझ्याशिवाय. माझं खरं की खोटं ते तपासायला.

चिठ्ठी वाचली. तेच लिहिलंय.

मठात गेले नाही.

७ एप्रिल

पहाटे स्लॅबवर झाडण्याचा आवाज. हे झाडत होते, तोंडाला रुमाल बांधून. पाणी मारून आधी, मग झाडू. खाली आले ते थेट न्हाणीत. कपडे वेगळ्या बादलीत. जिन्याचं दार लावलं आणि किल्ली स्वतःच्या खिशात टाकली. माझ्याकडं न बघता म्हणाले, "तू वर यायचं नाही." रागानं की काळजीनं, कळलं नाही. विचारलं नाही.

दुसऱ्या डॉक्टरांकडं गेल्याचंही नाही विचारलं.

१२ एप्रिल, रविवार

स्पर्धा. पंच म्हणून कोणी अनोळखी माणूस सकाळीच वर जाऊन बसला. रशीदभाई, इतर दोन-तीन जण. मी चहा जिन्याच्या पायरीवर ठेवायचा, यांनी येऊन न्यायचा. असं आमचं न बोलता ठरलं.

ऊन म्हणजे नुसता तवा. दुपारपर्यंत एकेक उतरायला लागली. उरली एकच, काळ्या पट्टीची मादी, ती फेब्रुवारीतल्या जोडीतली. ती उतरेचना. अंधाराच्या आत स्वतःच्या स्लॅबवर उतरली तर नंबर, नाही तर तिची वेळ धरतच नाहीत. वरून आवाज बंद. मी दारंखिडक्या लावून आत बसलेले, आणि माझ्या लक्षात आलं, मी हात जोडलेत. उतरू दे म्हणून. कुणासाठी?

मग वर एकदम गलका. ससाणा. रशीदभाईंचा आवाज, "आजा, बेटा, नीचे आ."

हे खाली आले तेव्हा मी दाराशीच होते. म्हणाले, "गेली." न्हाणीत गेले. नळ सोडून बराच वेळ आत.

१५ एप्रिल

रात्री जेवताना स्वतःच बोलले. इरण्णा न्यायला तयार आहे, कुंभारीला, रविवारी टेम्पो येतोय. इरण्णाभावजी म्हणजे यांचे मामेभाऊ, शेतात पत्र्याची मोठी शेड आहे. मी मान हलवली. आभार मानावेत असं वाटलं, पण तो शब्द आमच्यात कधी वापरलेलाच नाही.

श्रुती फोनवर रडली. म्हणाली, अप्पांना जवळ घे मम्मी. काहीही बोलते.

१८ एप्रिल

रशीदभाई आले, हे दुकानात असताना. आत येईनात, उंबऱ्याबाहेरूनच बोलले. सांगलीचा एक शौकीन सगळी कबुतरं चांगल्या पैशात घ्यायला तयार होता, मल्लू, म्हणजे हे, नाही म्हणाला. मग जरा थांबून: "भाभी, बुरा मत मानो. कुंभारीसे तो ये सीधे घरकू आते. छोड्या की आते. मल्लूकू मालूम नै क्या?"

संध्याकाळी यांना विचारलं. सांगलीला का नाही?

"विकायची वस्तू आहे का ती."

"पण ती परत येतील."

"इरण्णा बंद ठेवणार हाय की. दोन महिने कोंडली की तिथली होतात."

माझ्याकडं बघून बोलले नाहीत.

१९ एप्रिल, रविवार

टेम्पो आला, गेला. जाळीचे खोके, वर ओलं पोतं टाकून. हे मागं खोक्यांपाशी बसून गेले. मी मास्क लावून दारात. निघताना म्हणाले, "साकु, आत जा आता, धूळ उडतीय." साकु म्हणजे पुरे. कबुतरांशी बोलताना आणि लाडात आले की हे कानडीत येतात. माझ्याशी कितीतरी दिवसांनी.

३ मे

दम बरा. काल शाळेचा जिना न थांबता चढले. स्वयंपाक करताना एक ओळ म्हणून बघितली, पुरी झाली. कुणी ऐकत नव्हतं असं वाटलं, पण बाहेरच्या खोलीतला टीव्ही मध्येच बारीक झाला होता.

यांना रविवार कसा घालवायचा कळत नाही. दुकान उघडून बसले, गिऱ्हाईक नाही. संध्याकाळी मीच म्हटलं, तळ्यावर जाऊ. सिद्धेश्वराच्या देवळापाशी लोक पारव्यांना दाणे टाकत होते. हे पाठ करून उभे राहिले, मला थांबू नको म्हणाले तिथं. भेळ घेतली. यांनी अर्धी ठेवली. बारीक झालेत. मानेवरची हाडं दिसतात.

वर ढाबळ तशीच आहे. काढतो काढतो म्हणतात.

८ मे

इरण्णाभावजींच्या बोअरची मोटार जळली म्हणून हे कुंभारीला. सकाळी गेले ते संध्याकाळी आले. शर्टला पिसं नव्हती. मी बघितलं. असं बघावं लागतंय याचीच लाज वाटली, पण बघितलं.

जेवताना बरंच बोलले. उगाच. उसाचं, पाण्याचं, इरण्णाच्या गुडघ्याचं. कबुतरांचं अवाक्षर नाही, आणि मीही विचारलं नाही.

१० मे, रविवार

दुपारी वर फडफड. आधी वाटलं पारवे असतील. मग ती चाल ऐकली, पत्र्यावरची, ओळखीची.

हे झोपलेले. उठवलं. किल्ली घेऊन गेले आणि बराच वेळ उतरले नाहीत. मी मास्क लावून जिन्याच्या मधल्या पायरीपर्यंत. दाराच्या फटीतून दिसलं: तीन-चार, ढाबळीच्या बंद दारासमोर चोची उघड्या टाकून बसलेली. हे जरा लांब, उकिडवे. हात लावत नव्हते.

इरण्णाभावजींना मीच फोन लावला. ते घाबरेघुबरे. "वैनी, म्या दार लावलंतं की. कुणी उगडलं काय म्हाईत न्हाय."

शुक्रवारी कोण गेलं होतं तिथं ते मला माहीत आहे. कडी सैल करून ठेवायला तेवढं पुरे. यांना विचारलं. म्हणाले, नाही. सरळ डोळ्यात बघून म्हणाले. पंचवीस वर्षांत माझ्याशी खोटं बोललेले नाहीत, किंमत सुद्धा लपवली नाहीये, सांगितली नाही एवढंच. तरीपण

मग म्हणाले, "तुला तरी माझं कुठं खरं वाटतंय."

त्या ६ तारखेची चिठ्ठी मला आठवली. यांनाही आठवली असेल.

११ मे

आता दहा-बारा झाली असतील. सकाळपासून येतच आहेत. रशीदभाईंना हे म्हणाले, सांगलीवाल्याला फोन कर. तो परवा येतो म्हणाला. येईल का, माहीत नाही. तोवर दाणा टाकायचा नाही, पाणी ठेवायचं नाही, ढाबळ उघडायची नाही. आपलं घर बंद झालं हे त्यांना कळायला पाहिजे, असं यांनीच मला सांगितलं, कुणाच्यातरी दुसऱ्याच्या कबुतरांविषयी सांगावं तसं.

दुपारी रस्त्यावर माणूस नाही, डांबर मऊ पडलंय. स्लॅबवर काय होत असेल. हे दोनदा जिन्यापर्यंत गेले आणि परत आले. तिसऱ्यांदा बादली भरून घेतली. जिन्याच्या दारापाशी थांबले.

"शैला, तू सांग. ठेवू का नको?"

खोकला येत होता, तो मी गिळला. बादली काठोकाठ भरलेली, पाणी यांच्या पायांवर सांडत होतं. वरून काहीच आवाज येत नव्हता. मी उठून मास्क शोधला, तोंडाला लावला आणि यांच्या खिशातून किल्ली काढून घेतली.

अजून दार उघडलेलं नाही. किल्ली माझ्याजवळ आहे, पाणी ठेवायचं की नाही तेही आता माझ्यावर. हे पायरीवर बसलेत.