हनुवटीपाशी थांबलेला तक्ता

नागपूर,
रविवार, दुपार

आदरणीय अंजनाआत्या,

सविनय जय भीम. तुझी तब्येत कशी आहे, नातू शाळेत जाताना अजून रडतो का, आणि उमरेडला नळ एक दिवसाआड येतो की दोन, हे सगळं मनापासून विचारते. आमच्याकडे सर्व खुशाल आहेत, माझं तोंड सोडून. (फोनच केला असता. पण तू फोन स्पीकरवर ठेवून भाजी निवडतेस, आणि मागच्या वेळी माझ्या वजनावर तुझ्या शेजारणीने मत दिलं होतं. म्हणून पत्र. एकटीने वाच.)

तोंडभर मुरूम आलेत. पण खरी गोष्ट आधीच सांगून टाकते, म्हणजे तुला नेमकी कसली काळजी करायची ते कळेल. माझी पाळी पाच महिने आलेली नाही. आईला हे माहीत आहे. आईचं म्हणणं, आधी तोंडाचं पाहू, तोंड लोकांना दिसतं.

तर तोंडाचे उपचार सुरू झाले. बाबांनी गर्मीचं निदान केलं आणि सकाळी सब्जा, संध्याकाळी गुलकंद लावून दिला. (नागपूरच्या माणसाचा हात मोडला तरी ती गर्मीच असते.) आईने मुलतानी माती, कडुनिंबाचा पाला आणि हळद यांचे थर दिले. ते वाळले की मला हसता येत नसे, पण त्या दिवसांत त्याची गरजही पडली नाही. बंटी म्हणाला, "दीदी, तोंडावर तं सावनेरची खदान खोलली तू." त्याच्या कपाळावर माझ्यापेक्षा जास्त आहेत. पण त्याच्या मुरमांना आमच्या घरात जवानी म्हणतात आणि माझ्या मुरमांना पाणीपुरी.

मग शेजारच्या इंदूबाई आल्या. त्यांच्या मोबाईलवर चेहऱ्याचा एक तक्ता आला होता, कुठे मुरूम आला तर आत काय बिघडलंय असा. सगळ्यांसमोर माझ्या तोंडावर बोट ठेवून त्या वाचू लागल्या. "कपाळावर आले तं पोट साफ नाही. नाकावर आले तं दिल कमजोर. गालावर आले तं फेफडे." बाबा मान हलवत होते. बोट हनुवटीवर आलं तेव्हा इंदूबाईंनी पुढची ओळ मनातल्या मनात वाचली, बाबांकडे पाहिलं, बंटीकडे पाहिलं आणि मोबाईल पर्समध्ये टाकला. "हनुवटीचं काही खास नाही," म्हणाल्या. माझे निम्मे मुरूम हनुवटीवर आहेत, आत्या. माझं हृदय कमजोर आहे हे घरात सगळ्यांना चाललं.

दुकानातही बरं चाललेलं नाही. इतवारीतल्या त्या दागिन्यांच्या दुकानात मी पाच वर्षं काउंटरवर उभी राहिले. शेटजींनी आता मला मागे डब्या भरायला बसवलंय. वाईट वाटून घेऊ नको म्हणाले, गिऱ्हाईक दागिन्याच्या आधी तोंड पाहते. माझ्या जागी आलेल्या गुंजनला अपराधी वाटलं असावं, तिने एका क्रीमचं नाव सांगितलं. मेडिकलवाल्याने चिठ्ठी न मागता ट्यूब दिली. दहा दिवस माझं तोंड दुधाच्या सायीसारखं होतं. ट्यूब संपली आणि ते भाजलेल्या वांग्यासारखं झालं.

तेव्हा कुठे आईने मला त्वचेच्या डॉक्टरकडे नेलं. चांगला माणूस. रिकामी ट्यूब वास घेतल्यासारखी नाकाशी धरून वाचली आणि कचऱ्याच्या डब्यात टाकली. त्यात स्टेरॉइड आहे, पुन्हा लावू नका म्हणाले. गालाचा फुफ्फुसाशी संबंध त्यांना अजून तरी सापडलेला नाही. पण माझा जबडा, हनुवटी आणि हनुवटीवरचे दोन राठ केस त्यांनी नीट पाहिले आणि विचारलं, पाळी वेळेवर येते का. मी तोंड उघडलं, तोवर आई म्हणाली, "एकदम टायमावर, डॉक्टरसाहेब. घड्याळ लावून घ्या." डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. मी भिंतीवरच्या खरजेच्या चित्राकडे पाहिलं. (अठ्ठावीस वर्षांची आहे मी. आईचा राग आला, पण स्वतःचा जास्त आला.)

तरी त्यांनी कागदावर लिहून दिलं. रक्त तपासा, थायरॉइड तपासा, सोनोग्राफी करा, बायकांच्या डॉक्टरला दाखवा. मुरूम कधीकधी आतल्या हार्मोनच्या गडबडीचे असतात, वरून कितीही लावलं तरी जात नाहीत; लवकर पाहिलं तर औषधाने सावरतं, नाहीतर पुढे साखर वाढते, मूल होताना त्रास होतो, असं म्हणाले. ऑटोत बसल्यावर आईने त्या कागदाच्या चार घड्या केल्या आणि ब्लाउजमध्ये ठेवला.

"लग्न नाही झालं अन सोनोग्राफी? कोनी पाहिलं तं मी काय सांगू?"

"मुरूम आले म्हनून सांग."

"मुरमासाठी कोनी पोटाची सोनोग्राफी करते काय वं?"

मग तिने मला एक फेसवॉश घेऊन दिला. कागद मी दुसऱ्या दिवशी धुण्यातून काढला, अक्षरं शाबूत होती.

परवा सुट्टी टाकून मी एकटीच गेले. प्रसूतिगृह आहे ते. बाकावर सात पोटं बसली होती आणि मी. फॉर्मवर माझ्या नावाखाली पतीच्या नावाची रेघ होती. ती रेघ कोरी ठेवून मी मान वर केली, तर समोर इंदूबाईंची सून, आठवा महिना. ती हसली. आधी माझ्या तोंडाकडे पाहून, मग माझ्या पोटाकडे पाहून. मी म्हटलं, पत्ता चुकले, मला दाताचा दवाखाना पाहिजे होता. आणि उठले. आत्या, मी खोटं बोलले याचं काही नाही, पण मी न तपासता परत आले.

असो. जास्त काय लिहू, लिहिलं तेच जास्त झालं. मोठ्यांना जय भीम, नातवाला गोड पापा.

तुझी भाची,
मोनाली

ता. क. या नाही, पुढच्या मंगळवारी सकाळच्या एसटीने ये. तीस वर्षं अंगणवाडीत तू गावातल्या बायकांना चावडीसमोर पाळीच्या तारखा विचारल्यास, तुला त्या बाकाची लाज वाटणार नाही. नंबर तुझ्या नावाने लावू. मी तुझी पिशवी धरणारी. आत गेल्यावर डॉक्टरीणबाईंना खरं सांगू.

दुसरा ता. क. नाही म्हणायचं असेल तर फोनवर नुसतं "पाऊस आहे" म्हण, मी समजेन. पण म्हणू नको.

(याखाली निळ्या पेनाने, वेगळ्या अक्षरात)

बाई, जय भीम. पोरगी पत्र शिलाई मशीनवर ठेवून आंघोळीले गेली, म्या वाचलं. तिनं लिहिलं ते सारं खरं हाय. मंगळवारी तुमी याच. पन नंबर तुमच्या नावानं लावू नका, माह्या नावानं लावा. मले दोन सालापासून महिन्यातून दोनदा येते अन आठ-आठ दिस थांबत नाही. कोनाले सांगतलं नाही. त्या बाकावर बसाची मलेच भीती वाटे, पोरीले काय नेऊ. तिले आता काही सांगू नका, आत गेल्यावर मीच सांगतो. पाकीट मीच चिकटवून पोस्टात टाकतो. तुमच्या भावाले सांगतलं, मंगळवारी आमी मायलेकी डोळे तपासाले चाललो.

तुमची भावजय