चेटकिणीसाठी गाऱ्हाणं

२ डिसेंबर

सिनेमावाले गावात आले. चेटकिणीचा सिनेमा, भीतीपण आणि हसूपण! वेंगुर्ल्यात माझं पार्लर, म्हणून मेकअपचं काम मला. म्हातारी चेटकीण व्हायला गावातली एकही बाई तयार होईना. शेवटी काशीबाईच पुढे आली. "इतकी वर्षा फुकट केलंय, आता पैशे घेवन करतंय." सगळे हसले. मी नाही.

४ डिसेंबर

तिचे दात काळे केले, नाकावर चामखीळ चिकटवली. सव्वीस वर्षांनी तिच्या इतक्या जवळ बसले.

मी तेव्हा आठ वर्षांची. तिच्या बागेत चोरून कच्च्या काजूबिया दातांनी फोडल्या. चिकाने ओठ भाजले, फोड आले. आई मारेल म्हणून सांगितलं – काशीबाईने लाडू दिला. बस्स. तेव्हापासून गाव तिला चेटकीण म्हणतं, तिच्या हातचं पाणी पीत नाही.

आरशात बघून ती म्हणाली, "बरी दिसतंय मा गो, नम्रता?" मी चामखीळ पुन्हा दाबून बसवली.

५ डिसेंबर

आज चेटकिणीला हाकलायच्या गाऱ्हाण्याचा सीन, म्हणजे अख्ख्या गावाने मिळून देवाला घालायचं साकडं. गाऱ्हाणं घालणारा खरा, आमचा बाळाकाका. देवळातही तोच घालतो. दिग्दर्शकाने बजावलेलं, शेवटी 'हिला घालव' म्हणा. पण तोंडाला सवय वेगळीच. "काय चुकला माकला आसात ता पोटात घाल, आणि हिचा बरा कर रे म्हाराजा!" मागून अख्खा गाव – "व्हय म्हाराजा!"

कट. परत तेच. तिसऱ्यांदाही तेच. बाळाकाका वैतागला. "अरे, गाऱ्हाण्यात कोणाचा वायट कसा मागूचा?" दिग्दर्शकाने हात टेकले, तसंच ठेवलं. हसून सगळ्यांची पोटं दुखली. काशीबाईचा मेकअप मात्र डोळ्यांखाली ओघळला होता. मीच पुसला.

तीनदा गाव 'व्हय' म्हणाला. माझ्या तोंडून एकदाही निघालं नाही.

६ डिसेंबर

शेजारची सुगंधावहिनी आज काशीबाईच्या हातचा चहा प्यायली. मग आणखी दोघी. मला हलकं वाटायला हवं होतं. उलट लाज वाटली. आपण तिला माफ केलं, असं गावाला वाटतंय. तिने केलं काय होतं?

उद्या तिला सगळं सांगणार. नक्की.

७ डिसेंबर

सांगितलं. ती खळ्यात कुळीथ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "माका तेव्हाच कळला. टरफला माज्याच झाडाखाली होती. पण मी बोललंय असतंय, तर आवशीन तुका मारल्यान असता."