दाराशी कोण होतं

प्रिय दादा,

तीनदा फोन केला आणि तिन्ही वेळा तुझ्याकडे नळ दुरुस्त करणारा आलेला. तुझ्या घरात मुळात नळच दोन! म्हणून पत्र. पत्राला तरी 'नंतर बोलू' म्हणता येत नाही.

बॉम्बहल्ल्याच्या दिवशी ज्या तळघरात माझा जन्म झाला, त्याचं संग्रहालय होतंय आणि लिखाण माझ्याकडे आलंय. लोकांनी आत बसायचं, दिवे जाणार, बाकं थरथरणार, कानात त्या दिवसाची गोष्ट. माझी खोड तुला ठाऊकच आहे. जो माणूस जिथे होता तिथे स्वतः उभं राहिल्याशिवाय मी त्याचं वाक्य लिहीत नाही.

आत्यापाशी अडले. ती सुईणीला आणायला गेली आणि वाटेतच गेली, असं बाबा सांगायचे. पण मदतपथकानं त्या दिवशी काढलेला एक फोटो सापडलाय. त्यात आत्या दाराबाहेरच्या पायरीवर पडलीय. म्हणजे ती परत आली होती. बाबांनी आपल्याला थाप मारली याचा मला भयंकर राग आला.

काल सुताराला बाहेरून दार बडवायला लावलं, हल्ल्याचे आवाज चालू केले आणि बाबांच्या जागी, कोपऱ्यात आईच्या उशाशी, जाऊन बसले. काही म्हणजे काही ऐकू आलं नाही. जीव भांड्यात पडला, म्हणजे बाबांनी ऐकूनही दार उघडलं नाही असं नव्हतं. मग दाराशी येऊन उभी राहिले. तिथे एकेक ठोका ऐकू येत होता, सुताराच्या शिव्यासुद्धा.

दाराशी कोण होतं ते आई कौतुकानं सांगायची, "माझ्या सात वर्षांच्या लेकानं दार राखलं. बाबांनी सांगेपर्यंत कडी काढली नाही." तू दर वेळी ताटावरून उठायचास. मला वाटायचं, लाजतोस. वहिनी म्हणते, अजूनही तू घरात एकाही दाराला कडी लावू देत नाहीस. दादा, मनात शंकेची पाल चुकचुकतेय. बाबांनी ती थाप कुणासाठी मारली, हेही आता कळल्यासारखं वाटतंय.

गुरुवारी ध्वनिमुद्रण आहे. 'आत कुणालाच काही ऐकू आलं नाही' असं वाक्य लिहून ठेवलंय. तू हो म्हणालास तर तेच जाईल, पुन्हा विचारणार नाही. पण ते खोटं असेल, तर लोकांना नको, मला सांग. दार उघडू नकोस असं तुला बजावलं होतं आणि सात वर्षांच्या पोरानं ते ऐकलं, एवढंच. आत्या बाहेर गेली ती माझ्यासाठी. तिचं ते ठोकणं तू पन्नास वर्षं एकटा ऐकत असशील, तर त्यातलं अर्धं माझं आहे.

तुझीच,
छकुली