सरांच्या आधी पोरीचं नाव

आत्याबाई, तुमच्या पणतीचं नाव छापून आलंय, आणि तेही तिच्या सरांच्या नावाच्या आधी. आनंद एवढा झाला की सकाळी दूध उतू गेलं तरी मी नुसती बघत उभी. पण सून म्हणून तुमच्या हाताखाली दिवस काढलेत, आनंदाच्या मागोमाग संशय येतोच. पोरगी हैदराबादेत ज्वारीवर काम करते. पेरत नाही, दळत नाही. पानाचा एवढासा तुकडा घेऊन त्याच्या आत काय असतं ते बघते. पाऊस नसला तरी ज्वारीचं ताट उभं कसं राहतं ते. तुम्ही आज असतात तर म्हणाला असता, त्यात काय बघायचं, जमीन काळी हाय म्हणून. मीही तेच म्हणाले. तर म्हणते, आजी, जमीन एकच असते, तरी एक ताट वाळतं आणि शेजारचं उभं राहतं, ते का? 

ते सगळं तिनं इंग्रजीत लिहिलं आणि कुठंतरी परदेशात छापून आलं. फोनवर बोट ठेवून दाखवलं, हे माझं नाव, मधली ही माझ्यासोबतची पोरं, आणि शेवटी सर.  मला तुमच्या माहेरची, केमची पत्रिका आठवली, तुमच्या भाच्याच्या लग्नाची. मी दुसरीपर्यंत शिकलेली, म्हणून वाचायला मलाच बसवलं होतं. तुम्ही चुलीपुढं, हाताला पीठ, आणि मी एकेक नाव वाचतेय. थोरले, धाकटे, त्यांची पोरंसोरं, सगळी झाली आणि तळाला तुमचं. भाकरी थापायची तुम्ही थांबला नाहीत. नुसतं म्हणालात, "परत वाच." लग्नाला गेलात, नवं लुगडं नेसलात, आणि मांडवात भरल्या पत्रावळीपुढं हात जोडून बसून राहिलात. भाऊ पाया पडला तरी घास घेतला नाही.

तेव्हापासून मला पक्कं ठाऊक, मोठ्याचं नाव खाली आणि लहानाचं वर म्हणजे काहीतरी शिजतंय. सर साठीला टेकलेले. ते कशाला पोरीला पुढं करतील? उद्या काही अंगावर आलं तर जिला धरायचं, तिलाच पुढं करतात की. आणि तेच सर आता तिला दोन वर्षं परदेशात पाठवायचं म्हणतायत. माझा लेक, म्हणजे तिचा बाप, म्हणाला, आई हो म्हणेल तर जाईल. सगळं येऊन माझ्यावर पडलं.

पोरगी समजवायला बसली आणि घोळ आणखी वाढला. म्हणे, जगभरातली माणसं त्यांच्या लेखात माझ्या लेखाचं नाव घालतात, जितकी जास्त घालतील तितकी माझी किंमत वाढते. मी विचारलं, तुला विचारून घालतात? तर नाही, ओळखसुद्धा नाही. आता सांगा. आपल्यात न विचारता पत्रिकेत नाव घातलं तरी आहेर घेऊन जावंच लागतं. एवढ्या लोकांना कुठनं आहेर करशील म्हटलं, तर हसत सुटली. पण त्यातले तुमच्यातलेच किती, असं विचारल्यावर हसू आवरलं. म्हणाली, आहेत थोडे, सरांच्या ओळखीचे. बघा, मी म्हणत नव्हते?

सर अक्कलकोटला दर्शनाला आले तेव्हा मुद्दाम जेवायला बोलावलं. कडक भाकरी, शेंगांची चटणी, दही. पोट भरलेलं माणूस खोटं बोलत नाही, असं तुम्ही म्हणायचात. पोरगी डोळ्यांनी मला दटावतेय, पण मी विचारलंच. "सर, तुमचं नाव तळाला घातलं, तुमाला राग न्हाई आला?"

ते भाकरी मोडायचे थांबले. "आजी, काम तिच्या हातचं, म्हणून ती पुढं. तळाला असतो तो घरचा कर्ता. काही चुकलं तर आधी मला विचारतात."

"लिहून द्याल?"

"छापूनच दिलंय की."

मी ताक वाढलं. संशय गेला असं नाही, पण माणसानं चटणी परत मागून घेतली. संध्याकाळी लेकाला म्हणाले, जाऊ दे तिला. आणि मग सारखं वाटायला लागलं, तुमच्या भावानंही तुम्हाला कर्ती समजूनच तळाला घातलं असेल का? लग्नाची निम्मी तयारी तुम्हीच तर केली होती. पण छे, त्याला एवढी अक्कल कुठली.

परवा तिचा फोन आला. आता मोठा प्रबंध बांधून द्यायचाय, त्यात सुरुवातीलाच घरच्यांचे आभार मानायचे असतात. विचारत होती, आजी, कुणाचं नाव घालू? मी माझंच सांगितलं. वर म्हणाले, तुझ्या बापाच्या आधी घाल. तुमचं आठवलं ते फोन ठेवल्यावर. लगेच परत लावून सांगता आलं असतं, शेवटी का होईना पणजीचंही घाल म्हणून. पण शेवटी घातलेलं तुम्हाला चालायचं नाही, आणि माझ्या आधी घालायला सांगणं माझ्या जिवावर आलं. म्हणून हे तुम्हाला कळवतच नाही. उगाच तिकडं उपाशी बसाल.