उड्डाणाआधी लिफ्ट सुरू होईल

४ मार्च, सकाळी ७.३०

ठरलं! खाडीपलीकडे रॉकेट कंपनीची पहिली चाचणी १५ तारखेला. सगळीकडे हाच विषय. न्हावी माझी अर्धी दाढी तशीच ठेवून इंधनावर बोलत बसला. इस्त्रीवाल्याला शर्ट मागितले तर त्याने हात करून रॉकेटची दिशा दाखवली. आणि आमची गच्ची! सात मजल्यांच्या वर, समोर थेट खाडी, मध्ये एक झाड नाही.

संकल्प: अख्ख्या बिल्डिंगला गच्चीवरून उड्डाण दाखवायचं. नेतृत्व अर्थात माझं.

सायं. ६

स्वतः पोस्टर केली. ‘चला गच्चीवर!’ प्रत्येक मजल्यावर लिफ्टच्या चौकटीला लावली. तळमजल्याची चौकट भलतीच टणक, ड्रॉइंग पिन टोचेचना. दोनदा उडाली, तिसऱ्यांदा कुठे गेली ते दिसलंच नाही. शेवटी चिकटपट्टी.

ही म्हणाली, परवा माझ्या गुडघ्याचं ऑपरेशन आहे, लक्षात आहे ना? लक्षात आहे. उरलेल्या पोस्टरच्या मागे लिहूनच ठेवलंय.

५ मार्च

लिफ्ट बंद पडली. तळमजल्यावर उभी, हलायला तयार नाही. सेक्रेटरी लिफ्ट कंपनीला फोन लावत होते, मी त्यांचा हात धरला. म्हटलं, मी त्याच कंपनीत एकतीस वर्षं काढली आहेत. दहा दिवसांत सुरू करतो. उड्डाणाआधी! ते भारावले. कोणत्या खात्यात होतो ते त्यांनी विचारलं नाही, मीही सांगितलं नाही.

वॉचमन म्हणाला की दार जरा अडल्यासारखं वाटतं. त्याला समजावलं की असले दोष वर असतात, मशीन रूममध्ये. मान हलवून गेला बिचारा.

६ मार्च

हिला दवाखान्यात नेलं. सात मजले उतरायला पाऊण तास. प्रत्येक जिन्यावर बसत होती. मी बॅग धरली आणि तिचं लक्ष दुसरीकडे लागावं म्हणून रॉकेटचे टप्पे कसे सुटे होतात ते सांगितलं. चौथ्या मजल्यापासून ती बोलली नाही. विचार करत असावी.

१० मार्च

ऑपरेशन उत्तम. डॉक्टर म्हणतात दोन महिने जिना चढायचा नाही. त्यामुळे ही दवाखान्यातून थेट मेव्हणीकडे. तळमजल्यावरचं घर, पुढे मोठा व्हरांडा. ही म्हणाली, लिफ्ट सुरू झाली की येते. मी म्हटलं, १५ च्या आत. साडू माझ्याकडे बघून हसले. त्यांना तांत्रिक विषयात गती नाही.

१४ मार्च, दुपारी

मशीन रूममध्ये पॅनेल पूर्ण उघडलं. सगळे स्क्रू वर्तमानपत्रावर मांडले. मग वारा आला.

१५ मार्च, दु. १२

बासष्ट माणसं सात मजले चढून गच्चीवर! दुसऱ्या मजल्यावरचे आजोबा दुर्बीण घेऊन, तीन ठिकाणी थांबून. सगळ्यांच्या मोबाइलवर उलटी गिनती. शेवटची चाळीस सेकंदं उरली आणि गिनती थांबली. कुठलातरी व्हॉल्व्ह. कंपनीने जाहीर केलं की उड्डाण रद्द झालेलं नाही, पुढे ढकललं आहे. केवढा आत्मविश्वास!

उतरताना लोक माझ्याकडे बघत होते. मीही खाली नोटीस लावली: लिफ्ट बंद नाही, चाचणी पुढे ढकलली आहे.

हिला फोन केला. तिने लिफ्टचं विचारलंच नाही. म्हणाली, शिलाई मशीन पाठवायची काही सोय होते का बघा, बसून बसून कंटाळा आला. हमालांना फोन केला. टेबल आणि मोटर धरून वजन सांगितलं, ते हो म्हणाले. सातवा मजला आणि लिफ्ट बंद असं सांगितल्यावर फोन कट झाला.

बरंच आहे. मशीन इथे आहे तोवर हिला यावंच लागेल.

२३ मार्च

दुसरी चाचणी. गच्चीवर एकोणीस माणसं. रॉकेट उठलं! आभाळात वीतभर गेलं आणि फुटलं. पण मोबाइलवर बघतो तर कंपनीची पोरं टाळ्या वाजवतायत. त्यांचा माणूस म्हणाला की भरपूर डेटा मिळाला, म्हणजे हे यशच. मीही टाळ्या वाजवल्या. बाकी कोणी वाजवल्या नाहीत.

दुपारी लिफ्टची चाचणी घेतली. पॅनेलमधून धूर. टाळ्या वाजवल्या. सेक्रेटरी दारात उभे होते, त्यांनी कपाळाला हात लावला.

नोटीस: चाचणी नव्वद टक्के यशस्वी.

संध्याकाळी कोणीतरी खाली पेनने लिहिलं होतं: उरलेले दहा टक्के म्हणजे लिफ्ट का? अक्षर आजोबांचं वाटतं.

२७ मार्च

मेव्हणीकडे गेलो. ही व्हरांड्यात उभी राहून कापड कापत होती. काठी भिंतीला टेकवलेली. मेव्हणीचं जुनं मशीन दुरुस्त करून घेतलंय. दोन बायका मापं द्यायला आल्या होत्या. मला म्हणाल्या, भाऊ, जरा सरका. मी सरकलो.

हिला डेटाबद्दल सांगितलं. तिच्या तोंडात टाचण्या होत्या, म्हणून फार बोलता आलं नाही. टाचण्या काढून एवढंच विचारलं की जेवताय ना वेळेवर. मी हो म्हटलं. खोटं होतं.

ही वेळ घालवण्यासाठी शिवते आहे. मन रमत नसणार.

३१ मार्च

घात झाला. सेक्रेटरींनी परस्पर माझ्या जुन्या कंपनीला फोन केला. तिथे मला सगळे ओळखतात, अजून नाव काढतात. म्हणाले, हो हो, तक्रार विभागातले! चार नंबरचं टेबल! फोनवर फार गोड बोलायचे!

सेक्रेटरी जिन्यातच मला म्हणाले की म्हणजे तुम्ही एकतीस वर्षं फोन उचलत होता. मी म्हटलं, उचलत नव्हतो, हाताळत होतो. दिवसाला साठ-सत्तर बंद लिफ्ट माझ्या कानावरून गेल्या आहेत. अनुभव अनुभव म्हणतात तो दुसरा काय असतो?

९ तारखेपर्यंत मुदत दिली. नंतर कंपनीचा माणूस येणार. रॉकेटची नवी तारीखही ९ च. हा योगायोग नव्हे, आम्हा दोघांनाही तेवढाच वेळ लागतो.

३ एप्रिल

दिवसभर मशीन रूममध्ये. काढलेल्या वायरी फोटो बघून परत जोडतोय. फोटोत माझा अंगठा आला आहे, नेमका लाल वायरीवर.

दुधाची पिशवी आणायला खाली गेलो आणि दूध न घेताच वर आलो. परत गेलो नाही. काळा चहा. हिच्या कपातून प्यायलो, माझे सगळे धुवायचे पडलेत.

४ एप्रिल, दु. ३

मेव्हणीचा फोन. हिचं बरं चाललंय, चालते आता, काळजी नको. मी विचारलं, माझी आठवण काढते का. मेव्हणी म्हणाली, मशीनची काढते, हे जुनं सारखं दोरा तोडतं. मग घाईने म्हणाली, तुमचीही काढते.

तो ‘तुमचीही’ मी दिवसभर चघळतो आहे.

६ एप्रिल

आज पॅनेल तसंच सोडून खोलीत बसलो. शिलाई मशीनवर धूळ. पुसली. हिने अर्धवट शिवलेला माझा शर्ट सुईखाली तसाच आहे, एक बाही लावायची राहिली आहे.

मला भीती वाटते. ही आली नाही तर काय करायचं, मला काही सुचत नाही. छत्तीस वर्षांत मी कधी एकट्याने घर उघडलं नव्हतं, ते आता रोज उघडतो आणि आत कोणी नसतं.

हे खोडू का? राहू दे. वाचणार कोण.

संकल्प: ९ एप्रिल. कोणत्याही परिस्थितीत.

९ एप्रिल, सकाळी ८.१५

गच्चीवर फक्त मी. बाकी सगळे खाडीवर गेले, बस करून. मला कोणी विचारलं नाही. बहुतेक सीट नसतील. उड्डाण ९.२० ला. लिफ्टचं बटणही ९.२० लाच दाबणार. मशीन रूमच्या दारातून समोर खाडी आणि मागे पॅनेल, दोन्ही दिसतं. याहून चांगली जागा त्या कंपनीतही कोणाला नसेल.

दु. २

नीट लिहितो.

धीर निघेना म्हणून नऊलाच बटण दाबलं. काही नाही. परत दाबलं. पॅनेलचे सगळे दिवे हिरवे, वायरी सगळ्या जागेवर, आणि लिफ्ट ढिम्म. दहा वेळा दाबलं. मग खाली फरशीवर बसलो आणि रडलो, खोटं कशाला लिहू.

९.१६ ला हिचा फोन. रॉकेट बघताय ना, असं विचारेल वाटलं. तिने विचारलं, लिफ्टचं काय झालं. मी म्हटलं, नाही होत गं. पस्तीस दिवसांत पहिल्यांदा कोणाला तरी खरं सांगितलं.

ती म्हणाली, दार नीट बंद होतंय का, ते बघितलंत का?

मी चिडलो. हिने मला लिफ्ट शिकवावी! मग आठवलं. हा तर माझाच प्रश्न. एकतीस वर्षं, प्रत्येक फोनला, नमस्काराच्या नंतर पहिला: दार नीट बंद होतंय का, जरा बघता का? दहातल्या सहा लिफ्ट तिथेच सुरू व्हायच्या. झोपेतही बडबडायचो, हिनेच सांगितलं होतं. इतक्या लोकांना विचारलं. स्वतःला विचारायचं राहिलं.

जिना उतरत सुटलो. पाचव्या मजल्यावर असताना मोबाइलवर गिनती संपली. तिसऱ्यावर गडगडाट आला, खिडक्या थरथरल्या, रस्त्यावर लोक ओरडले, गेलं, गेलं! जिन्याची खिडकी माझ्या खांद्याशी होती. थांबलो नाही. पोस्टर मीच लावलं होतं, उड्डाण मीच पाहिलं नाही.

तळमजला. दार बंद दिसतं, पण बोटभर फट. गुडघे टेकून खालच्या खाचेत किल्ली फिरवली. धूळ, काड्या, आणि ड्रॉइंग पिन. पितळी डोक्याची. माझी.

पिन काढली. दार सरकवलं. खट्. लिफ्टने एक हुंकार दिला. आत बसून सातव्यावर गेलो, खाली आलो, परत वर गेलो. बेचाळीस सेकंदं. धक्का नाही.

सेक्रेटरींना सांगितलं की फार गुंतागुंतीचा दोष होता. वॉचमन बाजूलाच होता. त्याने पुन्हा मान हलवली, मोठ्या मनाचा माणूस.

हिला फोन केला. झाली सुरू! ती म्हणाली, खरंच? आवाजात आनंद होता, मी ओळखतो. म्हणाली, उद्याच येते मग.

उद्याच येते!

सायं. ५

सगळे कप धुतले. चादर बदलली. पिन खिशात ठेवली आहे, हिला दाखवायची. हसेल.

१० एप्रिल, सकाळी ९

दाढी. नवा शर्ट घालणार होतो, त्याला बाही एकच आहे. जुना घातला.

दु. १

ही अकराला आली. लिफ्टने. काठीशिवाय चालते. बरोबर साडू आणि दोन हमाल.

मी चहा केला. ही तिच्याच खुर्चीत बसली, घरभर बघून म्हणाली, स्वच्छ ठेवलंत. मग कप खाली ठेवून नीट सांगितलं. रागावलेली नव्हती. रागावली असती तर मला काहीतरी बोलता आलं असतं. म्हणाली, मी तिकडेच राहणार आता. गिऱ्हाईक जमलंय, घर जमिनीवर आहे, बाहेर पडायला कोणाची वाट बघावी लागत नाही. सामान आणायलाच थांबले होते, लिफ्ट नव्हती ना. रविवारी जेवायला येत जा.

मी विचारलं, गुडघा पूर्ण बरा झाल्यावर? म्हणाली, गुडघा बराच आहे.

पिन दाखवली नाही.

शिलाई मशीन पहिल्या खेपेला गेलं. कापायचं टेबल आणि दोन बॅगा दुसऱ्या खेपेला. हमाल म्हणाले, लिफ्ट झकास आहे हो, कोणी केली? साडूंनी माझ्याकडे बोट केलं.

मशीन उचलण्याआधी हिने तो शर्ट काढून घेतला होता. घडी करून पिशवीत टाकला, म्हणाली बाही लावून ठेवते.

तिसऱ्या खेपेला ही. आत उभी राहून म्हणाली, बाहेरचं दार तेवढं नीट बंद करा.

केलं. खट्.

दारावरचे आकडे बघत उभा राहिलो. सहा, पाच, चार, तीन, दोन, एक. मग तळमजल्याचा दिवा लागला आणि बराच वेळ लागलेलाच होता.